दूरच्या किनाऱ्यावरची गोल्फ सहल : हिशेब आणि अमानत

अमरावती, अकोला, अचलपूर, परतवाडा, कारंजा, बाळापूर या गावांतील आपले बरेच बांधव टूर्स अँड ट्रॅव्हल्सच्या धंद्यात आहेत. कोणी उमराहचे गट नेतो, कोणी अजमेर-हैदराबादच्या गाड्या सोडतो, तर कोणाची एकच टेम्पो ट्रॅव्हलर लग्नसराईत चालते आणि एरवी दारात उभी असते. या व्यवसायात नफ्यातोट्याचा निकाल गाडी सुटण्यापूर्वीच लागलेला असतो. गिऱ्हाइकाशी काय ठरले, कागदावर काय आले आणि पैसे कोणत्या नात्याने आपल्या हाती आले, यावर तो लागतो. हे समजून घेण्यासाठी या वेळी मुद्दाम एक अवघड सहल अभ्यासाला घेतली आहे. आठ जणांचा गट अमरावतीहून समुद्रकिनाऱ्यावरच्या एका दूरच्या मैदानावर गोल्फ खेळायला जाऊ इच्छितो आणि ते काम तुमच्याकडे आले आहे, असे धरून चालू.

गोल्फशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. खेळणारे गिऱ्हाईक डॉक्टर असेल, बिल्डर असेल, जिनिंग-प्रेसिंगचा मालक असेल किंवा दुबईला दहा वर्षे नोकरी करून परत आलेला इंजिनिअर असेल. दुबईत १९८८ साली हिरवळीचे पहिले गोल्फ मैदान झाले, आणि तेव्हापासून आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांनी हा खेळ निदान जवळून पाहिला आहे. खेळ त्यांचा, पण त्यांना तेथे नेऊन सुखरूप परत आणण्याचे काम आपले. ज्याला ही सहल नीट आखता आली त्याला कोणतीही सहल आखता येईल, कारण हिच्यात सामान जड, जागा दूर, वेळ बांधलेली आणि गिऱ्हाईक चोखंदळ असते.

लिंक्स म्हणजे काय

समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची, उंचसखल, गवताळ पट्टी हिला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. ही जमीन शेतीच्या उपयोगाची नाही. मेंढ्या चराव्यात आणि लोकांनी खेळावे, एवढाच तिचा उपयोग. वाळूमुळे पाणी लगेच मुरते, झाडे जवळजवळ नसतात आणि वारा सतत वाहतो. गोल्फ याच जमिनीवर वाढला. सेंट अँड्रूज येथील जुन्या मैदानावर १७६४ साली अठरा होल ठरले आणि पुढे तीच संख्या जगभर रूढ झाली. आपल्या देशातही हा खेळ नवा नाही. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना आहे.

आपल्या कारागीर बांधवांना या इतिहासातली एक गोष्ट जवळची वाटेल. त्या काळी गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून हाताने शिवत असत. चांगला कारागीर दिवसभरात तीन-चार चेंडू करी, त्यामुळे तो महाग पडे. सेंट अँड्रूजचा ॲलन रॉबर्टसन हा या कामातला नामांकित माणूस, आणि टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली तयार झालेला. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून साच्यात चेंडू होऊ लागले. रॉबर्टसनने नव्या चेंडूला विरोध केला, मॉरिसने तो वापरून पाहिला, आणि त्यावरून दोघांचे फाटले. मॉरिस बाहेर पडला आणि पुढे मैदाने आखण्याच्या कामात त्याचे मोठे नाव झाले. हातमाग, विडी, पितळी भांडी या धंद्यांत असेच घडलेले आपण पाहिले आहे.

जागा कोणती

खरी लिंक्स मैदाने स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडच्या किनाऱ्यावर आहेत. तेथवर जाणारे गिऱ्हाईक थोडे आणि तो व्हिसा-परकीय चलनाचा वेगळा विषय आहे. आपल्या आवाक्यातले उदाहरण गोव्यात मिळते. दक्षिण गोव्याच्या अगदी टोकाला काणकोण तालुका आहे. तेथे राजबाग किनाऱ्यावर, तळपण नदी समुद्राला मिळते त्या भागात, एका मोठ्या हॉटेलच्या आवारात लिंक्स धर्तीचे मैदान आहे. होल नऊच आहेत, पण प्रत्येक होलला चेंडू मारण्याच्या दोन वेगवेगळ्या जागा असल्याने दोन फेऱ्यांत अठरांचा खेळ होतो. ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगितलीच पाहिजे. अठरा होलचे मैदान समजून आलेला माणूस नऊ पाहून नाराज झाला, तर दोष मैदानाचा नाही, सांगणाऱ्याचा. मालातील उणीव न सांगता विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे, आणि सहल हाही मालच आहे.

पहिले काम म्हणून हॉटेलकडून लेखी उत्तर मागवावे. ठरलेल्या तारखांना मैदान खेळासाठी खुले आहे का, हवाई जाहिरातीतले नव्हे तर आजचे ग्रीन फीचे दर काय, कॅडी मिळतील का आणि किती, भाड्याने काठ्यांचे संच आहेत का, बाहेर उतरणाऱ्यांना खेळू देतात का. फोनवर हो म्हणणारा माणूस आपण पोचतो त्या दिवशी रजेवर असतो, हा सर्वच ट्रॅव्हल्सवाल्यांचा अनुभव आहे.

ऋतू आणि तारीख

अकोला-अमरावतीकडे पावसाळाभर मिळून जेवढा पाऊस पडतो त्याच्या तिपटीहून अधिक गोव्यात पडतो. जून ते सप्टेंबर हा काळ सोडून द्यावा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रकही वेगळे आणि संथ असते. हवा उत्तम ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही नाताळपासून नव्या वर्षापर्यंतचे दिवस टाळावेत, कारण खोल्यांचे भाव तेव्हा सर्वांत चढे असतात आणि किनाऱ्यावरचे वातावरणही आपल्यासारख्यांना रुचणारे नसते.

वऱ्हाडच्या गिऱ्हाइकाची अडचण अशी की नोव्हेंबर ते जानेवारी हाच कापसाचा हंगाम. जिनिंगवाला तेव्हा हलू शकत नाही. त्याला फेब्रुवारी-मार्च सोयीचा, पण २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी रमजान त्याच महिन्यांत येतो. गटात मुसलमान असोत वा नसोत, नेणारे आणि गाडी चालवणारे आपणच आहोत. रोज्यात दिवसभर उन्हात हजार कामे करून वर इफ्तारची सोय दुसऱ्याच्या दारात शोधायची, ही ओढाताण अंगावर घेऊ नये. डॉक्टर आणि इंजिनिअर गिऱ्हाइकांना डिसेंबरचा पहिला पंधरवडा सुचवावा, व्यापाऱ्यांना जानेवारीअखेर. एकाच गटात दोन्ही प्रकारचे लोक असतील तर आधी त्यांनाच आपसांत तारीख ठरवू द्यावी आणि मगच पुढे हात घालावा.

शेवटचे सत्तर किलोमीटर

काणकोणला जाणे म्हणजे दोन प्रवास आहेत. एक अमरावती ते गोवा आणि दुसरा गोव्यातून काणकोण. पहिल्याचा विचार सर्व जण करतात, घोटाळा दुसऱ्यात होतो.

विमानाचे पाहू. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. विमान छोटे, सुमारे सत्तर आसनांचे. त्याचे वार आणि वेळ नक्की करूनच मुंबईहून पुढचे तिकीट काढावे, आणि दोन विमानांच्या मध्ये भरपूर वेळ ठेवावा. नागपूरहून थेट गोव्याचे विमान मिळत असेल तर दीडशे किलोमीटर मोटारीने नागपूर गाठणे पुष्कळदा सोपे पडते. पण गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. दक्षिणेकडे जुना दाभोळी आणि उत्तरेला मोपा येथील मनोहर विमानतळ, जो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तिकिटावर गोवा एवढेच पाहून स्वस्त विमान घेतले आणि ते मोपाचे निघाले, तर काणकोण तेथून शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. दाभोळीहून अंतर पासष्ट-सत्तर किलोमीटर. तिकिटात वाचलेले पैसे गाडीत जातात आणि दोन-अडीच तासांचा प्रवास वर पदरात पडतो.

सामानाचा प्रश्न त्याहून मोठा. नियमाप्रमाणे गोल्फ खेळणारा चौदापर्यंत काठ्या बाळगू शकतो. काठ्यांची भरलेली बॅग बारा ते पंधरा किलोची आणि माणसाच्या छातीएवढी उंच असते. देशांतर्गत विमानात सर्वसाधारण तिकिटावर पंधरा किलो सामान चालते, म्हणजे गोल्फची बॅग ठेवली की कपड्यांना जागाच उरत नाही. जादा सामानाचे पैसे आधी भरले तर कमी, काउंटरवर भरले तर जास्त. छोट्या विमानात आठ बॅगा एकदम चढतीलच असेही नाही, विमान कंपनीला आधी कळवावे लागते. हा खर्च पत्रकात न धरणारा ट्रॅव्हल्सवाला विमानतळावरच गिऱ्हाइकाशी भांडत बसतो.

म्हणून गटाला घाई नसेल तर आमचा कौल रेल्वेला आहे. कोकण रेल्वेची वाट २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुली झाली आणि वऱ्हाडच्या माणसाला गोवा जवळ आला. अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी मुंबई एक्सप्रेस पहाटे मुंबईत पोचवते. त्याच सकाळी मांडवी एक्सप्रेस मिळते आणि ती संध्याकाळनंतर मडगावला सोडते. नागपूर-मडगाव अशी विशेष गाडीही बडनेरा, अकोला, भुसावळ या वाटेने सोडली जात आली आहे. पण विशेष गाडीची मुदत वेळोवेळी वाढवली जात असते, तेव्हा आपल्या तारखेची घोषणा झाल्याशिवाय तिच्यावर सहल बांधू नये. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे एकशेवीस दिवस नाही. त्यामुळे गटाचे पैसे निदान सत्तर दिवस आधी हातात असले पाहिजेत.

मोटारीने अमरावती ते काणकोण साधारण हजार किलोमीटर होतात. एकाच ड्रायव्हरवर हे अंतर टाकणे हा गुन्हाच समजावा.

काणकोणला स्टेशन आहे, पण थोड्याच गाड्या थांबतात. मडगावला उतरून पुढचे चाळीसएक किलोमीटर करमळ घाटातून गाडीने जावे लागते. ही गाडी अमरावतीत बसूनच ठरवावी आणि येण्याची नव्हे, परतीचीही ठरवावी. शहरात जशी हात केला की रिक्षा मिळते तसे तेथे नाही. रात्री नऊ वाजता आठ माणसे, आठ लांब बॅगा आणि आठ पेट्या घेऊन स्टेशनबाहेर उभे राहिल्यावर जो भाव सांगितला जाईल तो द्यावा लागतो. आठ जणांना दोन मोठ्या मोटारी पुरतील असे वाटते, पण बॅगा बसत नाहीत. बारा-तेरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी आणि मागची आसने सामानाला मोकळी ठेवावीत.

येथे शिलाईच्या आणि रेक्झिनच्या कारागिरांसाठी एक सूचना. गोल्फच्या बॅगेला प्रवासात वरून घालायचे जाड खोळ लागते. कॅनव्हास किंवा मजबूत रेक्झिन, आतून फोमचा थर, वरच्या बाजूला दुहेरी अस्तर, लांब चेन आणि खाली चाके. काठ्यांची डोकी वर असतात आणि सामान फेकाफेकीत तीच मोडतात, म्हणून वरचा भाग सर्वांत जाड हवा. मोटारीच्या सीट शिवणारा कोणताही चांगला कारागीर एक बॅग समोर ठेवून माप घेऊ शकतो. बूट ठेवायच्या वेगळ्या पिशव्या, काठ्यांच्या टोप्या हेही त्याच हाताचे काम. खरादीकाम करणाऱ्यांसाठी चेंडू ठेवायच्या लाकडी खुंट्या, ज्यांना टी म्हणतात, हा एक बारीक माल आहे. नियमाप्रमाणे तिची लांबी चार इंचांपेक्षा जास्त चालत नाही. गटामागे आठ खोळी आणि शेदोनशे टी एवढीच मागणी असली तरी ट्रॅव्हल्सवाल्याने हा माल जालंधर-मेरठहून मागवण्यापूर्वी आपल्या गल्लीत विचारून पाहावे.

दिवसांची आखणी

शनिवारी संध्याकाळी अमरावती सोडावी. रविवारी रात्री काणकोण. सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ, अशा तीन फेऱ्या होतात, आणि शनिवार-रविवारची गर्दी चुकते. परतताना लक्षात ठेवावे की सकाळी मडगावहून निघणारी मांडवी रात्री उशिरा मुंबईत पोचते, तोवर अमरावतीची गाडी सुटून गेलेली असते. त्यापेक्षा बुधवारी संध्याकाळची कोकणकन्या धरावी. गुरुवारी पहाटे मुंबई, दिवसभर ज्याला क्रॉफर्ड मार्केटला माल पाहायचा त्याने तो पाहावा, संध्याकाळी अमरावतीची गाडी आणि शुक्रवारी सकाळी घर. जुमा आपल्या मशिदीत मिळतो. वेळापत्रके बदलतात, तिकिटे काढण्यापूर्वी वेळा पुन्हा पाहाव्यात.

अठरा होलला चार ते साडेचार तास लागतात आणि चार-चार जणांच्या तुकड्या काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. सुरुवातीच्या या ठरलेल्या वेळेला टी-टाइम म्हणतात. किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळ शांत असते, दुपारकडे समुद्रावरून वारा वाढतो. लिंक्सवर वारा हीच परीक्षा, असे शौकीन म्हणतात, पण पहिल्या दिवशी ती परीक्षा देऊ नये. सातच्या सुमाराचा टी-टाइम मागावा. डिसेंबरात गोव्यात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, त्यामुळे फज्र आणि चहा निवांत होतो. दुपारची फेरी हवी असेल तर एकपूर्वी सुरू झाली पाहिजे, सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो. दुसरी तुकडी मागे राहते आणि पहिली जेवायला खोळंबते, असे होऊ नये म्हणून जेवणाची वेळ दुसऱ्या तुकडीवरून ठरवावी.

नमाजबाबत हनफी मतानुसार अठ्ठेचाळीस मैलांपलीकडचा प्रवास आणि पंधरा दिवसांहून कमी मुक्काम असेल तर चार रकातींची फर्ज नमाज कसर करून दोन रकाती पढली जाते. हे गटातील मुसलमान मंडळींना आधी सांगावे, म्हणजे दुपारच्या खेळाच्या वेळा जुळवणे सोपे जाते.

काणकोणात मासे ताजे आणि भरपूर मिळतात, त्यामुळे हलाल अन्नाचा प्रश्न निम्मा सुटतो. मटण-कोंबडीबाबत स्वयंपाकघरात विचारून खात्री नसेल तर न घेणे बरे. गटात शाकाहारी मंडळी असतील तर त्यांची भांडी-तेल वेगळे राहील हेही आपणच पाहायचे. दुखापत झाली तर तालुक्याचे सरकारी आरोग्य केंद्र जवळ आहे, मोठ्या उपचाराला मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. गटात साठीपुढचे लोक असतात, त्यांच्या औषधांची यादी जवळ ठेवावी.

पैसे कोणत्या नात्याने घेतले

आता मुख्य मुद्दा. गिऱ्हाइकाचे पैसे आपण दोन प्रकारे घेऊ शकतो आणि दोन्ही प्रकार हलाल आहेत. घोटाळा दोघांची सरमिसळ केल्याने होतो.

पहिला प्रकार ठरावीक रकमेचा. सहलीत काय काय मिळेल ते लिहून दिले आणि दरडोई एक रक्कम सांगितली. मग हॉटेलशी आपण कितीत जमवले, गाडीवाल्याने आपल्याला किती सूट दिली, हा आपला व्यापार. नफा आपला आणि तोटाही आपलाच. ऐनवेळी डिझेल वाढले म्हणून गिऱ्हाइकाकडे हात पसरायचा नाही.

दुसरा प्रकार वकालतीचा. खर्च होईल तो तुमचा, आम्ही दहा टक्के मेहनताना घेऊ, असे ठरले. येथे आपण गिऱ्हाइकाचे वकील, म्हणजे त्याच्या वतीने काम करणारे अमीन झालो. हॉटेलने आपल्या नावावर कमिशन दिले, ग्रीन फीत गटाची सूट मिळाली, तर ती सूट गिऱ्हाइकाची आहे. वरून मेहनताना आणि आतून कमिशन असे दोन्ही खिशात टाकले आणि सांगितले नाही, तर ती खियानत होय. बाजारात हे सर्रास चालते म्हणून ते जाएज होत नाही. कमिशन ठेवायचेच असेल तर आधी सांगून, गिऱ्हाइकाच्या मर्जीने आणि कागदावर घ्यावे.

कागदाबाबत आपल्याला कोणाकडून शिकायला जायचे कारण नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्यावर साक्षीदार करण्याचा आदेश आहे. तरी आपल्यातला सज्जन माणूसही 'आपसातलेच आहेत' म्हणून कोऱ्या पावतीवर पैसे घेतो. दोन महिन्यांनी आपसातलेच एकमेकांचे तोंड पाहत नाहीत.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा गोव्यातल्या गाडीचे चार दिवसांचे ३२,००० रुपये ठरले आणि सोबत जाणाऱ्या व्यवस्थापकाचा प्रवास-मुक्काम १६,००० रुपये. हे ४८,००० रुपये माणसे कितीही असली तरी लागणारच. आठ जणांत ते प्रत्येकी ६,००० होतात. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात दोघे गळाले तर सहा जणांत प्रत्येकी ८,०००. म्हणजे १२,००० रुपयांचा खड्डा पडला. तो कोण भरणार? गळालेले दोघे म्हणतात आम्ही गेलोच नाही, राहिलेले सहा म्हणतात आमचा काय गुन्हा, आणि शेवटी ट्रॅव्हल्सवाला भरतो किंवा तोंड लपवतो. शिवाय जोडीने घेतलेल्या खोलीत एकच माणूस उरला तर त्या खोलीचे निम्मे भाडेही कोणाच्या तरी अंगावर येते. म्हणून हा न बदलणारा खर्च वेगळ्या ओळीत लिहावा आणि माघार घेतली तर त्यातला आपला वाटा द्यावा लागेल, असे प्रत्येकाकडून सहीने मान्य करून घ्यावे. रेल्वे, खोली, ग्रीन फी, कॅडी, जेवण हे माणशी खर्च दुसऱ्या यादीत लिहावेत. टूर ऑपरेटरचा जीएसटी भावात धरला आहे की वरून आहे, हेही एका ओळीत स्पष्ट करावे.

बयाना हा नाजूक विषय. गिऱ्हाइकाने माघार घेतली की आगाऊ रक्कम सरसकट गिळून टाकायची, ही बाजारची रीत आहे. हनफी उलमा तिला मान्यता देत नाहीत. हंबली मतात बयान्याला वाव आहे. आपल्या भागातील आलिमांना विचारून घ्यावे, पण व्यवहारात सर्वांना पटेल अशी एक वाट आहे. हॉटेलने किती दिवस आधी किती कापायचे ठरवले, रेल्वे किती कापते, गाडीवाल्याने काय परत दिले, त्या पावत्या दाखवून प्रत्यक्ष झालेले नुकसान आणि आपल्या आतापर्यंतच्या कामाचा ठरलेला मेहनताना तेवढाच कापावा. बाकी पैसे परत. ज्याला पैसे परत मिळाले तो गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येतो, ही गोष्ट निव्वळ धंद्याच्या दृष्टीनेही खरी आहे.

आगाऊ जमा झालेली रक्कम दुकानाच्या गल्ल्यात मिसळू नये, तिचे वेगळे खाते ठेवावे. सत्तर दिवस आपल्याकडे पडून असलेल्या त्या पैशांत मध्येच टायर घेणे, दुसऱ्या गटाचे तिकीट काढणे, हे अनेक ट्रॅव्हल्स बुडण्याचे कारण आहे. ती रक्कम सहलीच्या खर्चाला लागेपर्यंत परक्याची आहे असेच समजावे.

दोन गोष्टींपासून दूर राहावे. हॉटेलात दारू मिळते. गिऱ्हाइकांपैकी कोणी घेत असेल तर तो त्याचा आणि हॉटेलचा व्यवहार. आपल्या एकत्रित बिलात ते येणार नाही, असे हॉटेलला आधीच लेखी सांगावे, नाहीतर आपण त्याचे पैसे देणारे आणि वर त्यावर मेहनताना घेणारे ठरतो. दुसरे, गोल्फमध्ये होलमागे पैसे लावण्याची सवय पुष्कळांना असते. ती रक्कम सांभाळायला व्यवस्थापकाकडे देतात, कारण तो तिऱ्हाईत. नम्रपणे नकार द्यावा. गटाला स्पर्धेची मजा हवी असेल तर आपल्या पदरचे एक छोटे बक्षीस ठेवावे.

स्वतःची गाडी घ्यावी का

एकदोन सहली नीट पार पडल्या की नवी ट्रॅव्हलर घेण्याचा, काणकोणला दोन खोल्या वर्षाच्या करारावर घेण्याचा विचार डोक्यात येतो. याबाबत परदेशातली दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर क्रुडन बे नावाचे ठिकाण आहे. ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वे या कंपनीने तेथे स्वतःचा फाटा नेला, ग्रॅनाइट दगडाचे भव्य हॉटेल उभारले, मैदान आखून घेतले आणि १८९९ मध्ये ते सुरू केले. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत विजेची ट्रामही होती. मैदान उत्तम होते आणि आजही नावाजलेले आहे. पण जागा फार दूर, हंगाम छोटा आणि खर्च बारमाही. फाट्यावरची प्रवासी वाहतूक १९३२ मध्ये बंद झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर हॉटेलही पाडले गेले. प्रत्यक्ष रेल्वे कंपनीला जे परवडले नाही ते उसन्या पैशावर धंदा करणाऱ्याला कसे परवडेल?

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर, मोठ्या शहरांपासून कित्येक तासांवर, बँडन ड्यून्स आहे. पुनर्वापराच्या कागदावर भेटकार्डे छापून पैसा मिळवलेल्या माइक कायझर या व्यापाऱ्याने तेथे १९९९ मध्ये एक मैदान सुरू केले. ते चालले तेव्हा २००१ मध्ये दुसरे आणि २००५ मध्ये तिसरे. मैदानावर बग्ग्या फिरवायच्या नाहीत, चालत खेळायचे, सामान कॅडीने उचलायचे, असा तेथला नेम. त्यामुळे आसपासच्या गावकऱ्यांना कॅडीचे काम मिळाले. जागा तितकीच दूर, पण एका मैदानाला गिऱ्हाईक आहे हे पाहिल्यावर पुढचा पैसा घातला गेला.

आपल्या पातळीवर याचा हिशेब सोपा आहे. पहिल्या तीन सहली भाड्याच्या गाडीवर कराव्यात आणि प्रत्येक सहलीनंतर गाडी किती दिवस रिकामी राहिली असती ते वहीत लिहावे. डिसेंबर ते फेब्रुवारीत गोल्फचे चार गट आले तरी गाडीला जेमतेम सोळा-वीस दिवसांचे काम मिळते. उरलेल्या दिवसांत लग्नसराई, मेळघाट-चिखलदऱ्याची पावसाळी सहल, शाळांच्या सहली यांतून तिचा खर्च निघतो का, ते आधी पाहावे. निघत असेल तरी व्याजाच्या हप्त्यावर गाडी घेण्याऐवजी दोघातिघांनी भांडवल घालून शिरकतीने घ्यावी. त्यात प्रत्येकाचा हिस्सा, नफ्याची वाटणी, गाडी चालवणाऱ्याचा वेगळा पगार आणि भागीदार बाहेर पडला तर गाडीची किंमत कोण ठरवणार, एवढ्या चार गोष्टी स्टॅम्प पेपरवर याव्यात. गाडी गोव्यात न्यायची असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, विमा आणि ड्रायव्हरचा बिल्ला यांच्या तारखा निघण्यापूर्वी आठ दिवस आधी तपासाव्यात. राज्याच्या सीमेवर रात्री गाडी अडली तर सकाळचा टी-टाइम जातो, आणि एकदा गेलेली वेळ हॉटेल परत देत नाही.